दोनशेवी फाइल

सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं आतून एकजात कंटाळवाणी, पण त्यांच्या बांधणीत प्रकाशकाचा हिशेबीपणा दिसतो. पुस्तक कीबोर्डशेजारी उघडं पडून राहायला हवं असेल तर स्पायरल. मजकूर बदलायचाच नसेल तर पाठीला डिंक. आणि दर तीन महिन्यांनी बदलायचा असेल तर कड्यांची फाइल: जुनं पान काढा, नवं घाला.

ही पानं बदलायचं काम ती सतरा वर्षं करत होती. बाइंडिंग कारखान्यात तिला सगळे रिंगमास्तर म्हणत, आणि तीही ऐटीत ओ देई. तिच्या वाट्याला एकाच पुस्तकाच्या दोनशे फायली असत, आणि त्यांतला मजकूर तिच्या नवऱ्यानेच लिहिलेला होता. तो जाऊन दोन वर्षं झाली. सॉफ्टवेअरला त्याचं काय? नवी पानं येत राहिली, त्याची निघत राहिली.

छपाईच्या प्रकरणाची पानं काढली त्या संध्याकाळी तिला त्याचं हसणं आठवेना. वय झालं, म्हणून तिने सोडून दिलं. तीन महिन्यांनी पुढची पानं निघाली आणि त्याची चाल गेली. तिने लेकीला विचारलं, बाबा चालायचे कसे गं?

"नाही आठवत," लेक म्हणाली. "आई, मला भीती वाटतेय."

भिंतीवरच्या फोटोतला माणूस सभ्य होता, पण ओळखीचा वाटेना. काढलेलं एक पान तिने पिशवीतून घरी आणून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. फाइलीतून निघालं की निघालं.

मग मालक सांगत आले की सॉफ्टवेअरच बंद होतंय. एक शेवटचं पान बदलायचं, कड्या काढायच्या आणि सगळं डिंकाने कायमचं चिकटवून टाकायचं.

प्रत्येक फाइलीत त्याचं तेवढं एकच पान उरलं होतं, आणि तिच्याजवळ त्याची एकच आठवण. हॉस्पिटलात त्याने पाणी मागितलं होतं. ती फोनवर होती. थांब, पाच मिनिटं, म्हणाली. परत वळली तेव्हा तो गेला होता. ही आठवण जावी म्हणून तिने देव पाण्यात घातले होते. आता ती आपसूक जाणार होती.

ती भराभर पानं बदलत सुटली. शंभराव्या फाइलीला त्या खोलीच्या भिंतींचा रंग गेला. दीडशेव्याला पलंग गेला. छातीवरचं ओझं खरोखरच हलकं होत होतं, आणि त्या हलकेपणाचीच तिला भीती वाटायला लागली. शेवटची फाइल हातात घेतली तेव्हा तिचं लग्न कोणाशी झालं होतं, हे आठवायला तिला फोटो डोळ्यांपुढे आणावा लागला.

नवं पान तिने चुरगाळलं. जुन्यासकट गठ्ठा कड्यांतून काढला, पाठीला डिंकाचे दोन हात दिले आणि दाबयंत्राखाली ठेवून हँडल घट्ट फिरवलं.

डिंक सुकत आला तसा कानाशी स्पष्ट आवाज आला. "जरा पाणी देतेस?"

आता तो रोज मागणार होता. ती ताबडतोब उठली.