शत्रूचं नाव विल्किन तोलेन्तिनो

खेकड्यांचा बेसबॉलचा सामना कोंबड्यांशी असला की लोस कोकुयोस गावात आठवडाभर दुसरा विषय नसतो. खेकडे म्हणजे किनाऱ्यावरचा आपला संघ. कोंबडे डोंगराकडचे, पैसेवाले आणि माजलेले. सामन्याआधी रेडिओवर 'आजचा शत्रू' नावाचा कार्यक्रम लागतो. समोरच्यांचा पिचर कोण, कुठला, कोणाच्या पोटचा, कशाला घाबरतो, त्याला झोडायचं कसं, हे सगळं त्यात चवीने सांगतात. त्या रविवारचा शत्रू होता विल्किन तोलेन्तिनो. तो निघाला याच गावचा, त्यामुळे रेडिओवाला लिसांद्रो शुक्रवारी सकाळीच मायक्रोफोन घेऊन गावात येऊन थडकला.

विचारत विचारत तो पंक्चरच्या दुकानापाशी आला. दुकानदार ट्रकच्या टायरात टामी घालून ओणवा झाला होता.

"नार्सिसो तोलेन्तिनो तुम्हीच ना? विल्किनचे थोरले बंधू?"

"गोमा म्हणतात मला," दुकानदार टायरावरची नजर न काढता म्हणाला. "गोमा म्हणजे टायर. नाव कशाला हवंय?"

"अहो, पण तुम्ही तर धाकट्यापेक्षा लहान दिसता! पंक्चरच्या धंद्यात माणूस तरुण राहतो वाटतं."

गोमाने टामी जमिनीवर आदळली. लिसांद्रोला वाटलं, काम करता करता सुटली असेल.

ती सुटली नव्हती. नावाचा विषय निघाला की या माणसाचं डोकं फिरायचं, आणि का फिरू नये? विल्किन तोलेन्तिनो तो स्वतः होता. आईने त्याच नावाने त्याला पाळण्यात घातलं होतं, चर्चमध्ये त्याच नावाने त्याच्या डोक्यावर पाणी पडलं होतं, आणि सोळा वर्षं सगळं गाव त्याला त्याच नावाने शिव्या घालत होतं. त्याच्या सोळाव्या वर्षी दारात खेळाडूंचा दलाल आला आणि एका दुपारीत ते नाव गेलं.

दलाल आला होता थोरल्यासाठी, नार्सिसोसाठी. नार्सिसोचा हात चांगला होता, पण वय झालं होतं एकोणीस. "एकोणीस म्हणजे शिळा माल," दलाल म्हणाला होता. "अमेरिकनांना सोळाचा पोरगा पाहिजे. हाच हात सोळाचा असता, तर उद्या घरावर सिमेंटचं छप्पर असतं." मग त्याची नजर कोपऱ्यात केळी सोलत बसलेल्या धाकट्यावर गेली. "आणि हा केवढा?"

झालं. त्या दिवसापासून नार्सिसो विल्किन झाला आणि विल्किन नार्सिसो. गावात असं करणारे ते काही पहिले नव्हते. अमेरिकनांचा माणूस चौकशीला आला तेव्हा शाळेतल्या बाईंनी सांगितलं, हाच विल्किन, माझ्याच वर्गात होता. पाद्रीबाबांनी सांगितलं, हाच. दुकानवाला, शेजारपाजारचे, सगळ्यांनी एकच पाढा म्हटला, कारण उद्या आपल्याही पोरासाठी हेच करावं लागेल हे प्रत्येकाला ठाऊक होतं. एकोणीसचा दिसावा म्हणून आईने धाकट्याच्या कोवळ्या गालांवरून महिनाभर रोज कोरडा वस्तरा फिरवला होता. गाल सोलून निघाले. चौकशीच्या माणसापुढे उभा राहून तो पोरगा म्हणाला, "मी नार्सिसो," आणि आईने मागून पाठ थोपटली.

थोरला विमानात बसून गेला. जाताना धाकट्याला मिठी मारून म्हणाला, "खेळ संपला की तुझं नाव तुला परत. मग वकील करू, कोर्टात जाऊ, सगळं सरळ करू."

पुढच्या वर्षी धाकट्याचा स्वतःचा हात पिकला. चेंडू असा सुटायचा की पकडणारा ग्लोव्ह काढून तळवा झटकायचा. तोच दलाल तीन वेळा येऊन बघून गेला आणि तिन्ही वेळा हळहळला. "हात सोन्याचा आहे रे! पण कागदावर तू वीसचा. वीसच्या पोराला कोण विचारतो?" वीसचा त्याला केलं कोणी, हे त्या हरामखोराला आठवलंही नाही.

अमेरिकेतला मोसम संपला की थोरला हिवाळ्यात इकडे येऊन कोंबड्यांकडून खेळू लागला. मग त्याच्या पैशातून हवा भरायचं मशीन आलं, पाठोपाठ दुकान आलं, घरावर छप्परही आलं. आई धाकट्याला घरातसुद्धा नार्सिसो म्हणू लागली, न जाणो भिंतीपलीकडे कोणी ऐकलं तर. आणि गावाने, चुकून तोंडातून खरं निघू नये म्हणून, त्याला गोमा करून टाकलं. सगळ्यांची सोय झाली.

"चला, आईंना भेटू," लिसांद्रो म्हणाला.

आई, जिला गाव मानाने दोन्या एदुविहेस म्हणायचं, नवा झगा घालून आणि कपांत कॉफी ओतून तयारच होती. रेडिओवाला येणार हे तिला आधीपासून माहीत असावं. गोमा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. हात काळे होते म्हणून आत बसला नाही, असं त्याने सांगितलं.

"तर आई, लहानपणी कसा होता हो विल्किन?"

"गुणी! फार गुणी!" ती एकदम खुलली. "आमच्या मागच्या अंगणात आंब्याचं झाड होतं. हा दगड मारून आंबा पाडायचा, पण फळाला नाही हं लागायचा. देठावर! बरोब्बर देठावर. आंब्याला ओरखडा नाही. आळीतल्या बायका टोपल्या घेऊन यायच्या, म्हणायच्या, एदुविहेस, तुझ्या विल्किनला पाठव गं जरा."

गोमाच्या कानशिलात रक्त चढलं.

आंबे त्याने पाडले होते. थोरल्याने नव्हे. थोरला तेव्हा झाडाखाली टोपली धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, मला एक मारू दे, आणि मारला की शेजाऱ्याचं कौल फुटायचं. नाव दिलं होतं. ठीक आहे, दिलं, सोळा वर्षांचा होता, आईने सांगितलं म्हणून दिलं. पण आंबे कधी दिले होते? ते कोणत्या दलालाने मागितले होते?

"आई," तो म्हणाला, "कौलं कोण फोडायचं तेही सांग की."

"तू!" ती चटकन म्हणाली आणि लिसांद्रोकडे वळून हसली. "हा नार्सिसो भारी वांड. याचा नेम म्हणजे देवाची करणी."

लिसांद्रोही हसला. कॉफीचा घोट घेऊन त्याने मायक्रोफोन दाराकडे धरला. "तुम्ही सांगा ना, बंधुराज. घरच्यांना ठाऊक असतं. परवा आमच्या खेकड्यांनी त्याला मारायचं कसं?"

आई नजरेने सांगत होती, तोंड सांभाळ. गोमाने ती नजर पाहिली आणि त्याला आणखीच चेव आला.

"त्याचा संथ चेंडू बघा," तो म्हणाला. "जोरात टाकल्यासारखा हात येतो आणि चेंडू मात्र लंगडत येतो. भलेभले हवेत बॅट फिरवतात. तो चेंडू इथल्या मैदानात जन्मला. अंगठा असा बाजूला ठेवायचा, चेंडू तळहातात खोल दाबायचा. एका उन्हाळ्यात भावाने भावाला शिकवला."

"कोणी कोणाला?"

"धाकट्याने थोरल्याला."

"म्हणजे विल्किनने तुम्हाला शिकवला?" लिसांद्रो खूष झाला. "वा! म्हणजे तुम्हीही खेळायचात तर!"

गोमाने तोंड उघडलं, पण आईने त्याला बोलू दिलं नाही.

"हा? छे हो! याला कुठलं आलंय बॉलचं डोकं? याला पहिल्यापासून टायरांचीच आवड."

गोमा तिच्याकडे बघतच राहिला. तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. एवढ्या वर्षांत तिने ते इतक्यांदा सांगितलं असेल की आता तिला ते खरंच वाटत असावं. तिला जाब विचारावा, तर त्याच्या लहानपणाची वर्षंसुद्धा त्याची उरली नव्हती, तीही थोरल्याच्या खात्यात गेली होती.

"बरं झालं, तुमचं गाव त्याला विसरलं नाही," लिसांद्रो सामान आवरता आवरता म्हणाला. "या मोसमानंतर तो खेळणं सोडतोय. आणि तुमच्या मैदानाला त्याचं नाव देणार म्हणे. नगराध्यक्षांनीच सांगितलं. कमानीवर सिमेंटची अक्षरं, हात हात उंच! विल्किन तोलेन्तिनो मैदान."

"काय?"

"आईंना माहीतय की! फीत त्याच कापणार आहेत."

गोमाने आईकडे पाहिलं. ती कप गोळा करत होती. कप गोळा करायला इतकं वाकावं लागत नाही.

खेळ संपला की परत. या एका वाक्यावर त्याने दिवस काढले होते. रोज काळे हात धुताना तो मनात म्हणायचा, थांब, याचा खांदा काही जन्मभर टिकत नाही. आणि आता खेळ संपायला आला, तर नाव कमानीवर चढवून सिमेंटमध्ये पक्कं करणार होते! उद्या कोर्टात जाऊन हा काय सांगणार, की त्या कमानीवरचा मी? त्याच मैदानात त्याने संथ चेंडू शोधून काढला होता, आणि त्याच मैदानाच्या दारातून त्याला आता गोमा म्हणून आत जायचं होतं.

"रेडिओवाले," तो म्हणाला, "ते मशीन बंद करू नका."

"नार्सिसो!" आई ओरडली.

"नार्सिसो गेला खड्ड्यात! ऐका. विल्किन मी आहे. विल्किन तोलेन्तिनो मी. आंबे मी पाडले, चेंडू माझा आहे, आणि तो तिकडे कोंबड्यांचा डगला घालून मिरवतोय तो नार्सिसो आहे. माझं नाव घेऊन गेला आणि परत द्यायचं नाव घेत नाही!"

आईचा हात तोंडावर गेला.

आणि लिसांद्रो हसायला लागला. आधी फिस्स केलं, मग मांडीवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"कमाल आहे! काय माणूस आहात तुम्ही! अहो, हेच हवं होतं मला, हेच. नाहीतर लोक काय, गुणी होता, कष्टाळू होता, झोप येते ऐकून."

"हसतोस काय? मी खरं सांगतोय!"

"असाच आवाज! वा!" लिसांद्रोने त्याच्या खांद्यावर हात टाकला, काळे डाग सदऱ्याला लागले तरी काढला नाही, आणि मोटारीत बसून निघून गेला.

आईने फक्त एवढंच विचारलं, "छप्पर कोणी घातलं डोक्यावर?" त्यावर गोमा दुकानात गेला आणि एका धडधाकट टायराला टामीने बडवत बसला.

रविवारी दुपारी दुकानापुढे नेहमीचं टेबल मांडलं होतं, डोमिनोचा डाव रंगला होता. मोटारसायकलवर सवाऱ्या नेणाऱ्या तातिकोने रेडिओ मोठा केला. 'आजचा शत्रू' लागला. आंबे आले, देठ आला, दोन्या एदुविहेसचा मधाळ आवाज आला. संथ चेंडू मात्र विल्किनने स्वतः शोधून आपल्या थोरल्याला प्रेमाने शिकवला, असं झालं. आणि शेवटी लिसांद्रोचा आवाज दाटून आला.

"मित्रहो, आज आपल्या खेकड्यांनी याला जरूर झोडावं. पण या माणसाचं घर बघा. तिथे याचा थोरला भाऊ पंक्चर काढतो. साधा माणूस, नशिबाने काही दिलं नाही. पण हेवा? नाव नको! छाती ठोकून मला काय म्हणाला, ऐका." आणि मग रेडिओतून गोमाचाच आवाज आला: "विल्किन मी आहे! विल्किन तोलेन्तिनो मी!" पाठोपाठ लिसांद्रोचं हसणं, आणि व्हायोलिन. "भावाच्या यशात इतका विरघळलेला भाऊ, मित्रहो, मी पाहिला नाही."

टेबलाभोवती सगळे खरं काय ते जाणणारे होते. कोणी मान वर केली नाही. एकाने डोमिनोची सोंगटी इतकी अलगद ठेवली की आवाजही झाला नाही.

"बरं झालं बाबा," तातिको अखेर कपाळ पुसत म्हणाला. "मला तर घामच फुटला होता. पण वाचलो. कोणाचा विश्वासच नाही बसला."

"वाचलो?" गोमा उठला. "कोण वाचलं रे? तू? का हे सगळे साव? माझं नाव तुम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं, आणि आता ढेकर देताय?"

"आमच्यावर का ओरडतोस? तू सांगितलंस की. पार राजधानीपर्यंत ऐकू गेलं. आणखी काय करायचं?"

हेच तर त्याला जाळत होतं. खोटं त्याने एका माणसापुढे पुटपुटत सांगितलं, आणि ते काळ्या दगडावरची रेघ झालं. खरं अख्ख्या देशापुढे ओरडून सांगितलं, तर त्याला मागे व्हायोलिन लावलं. आता पुन्हा सांगायला गेला तर लोक म्हणणार, ऐकलंय आम्ही रेडिओवर, गोड आहे.

सामना सुरू झाला. पहिल्याच फलंदाजाने संथ चेंडूवर हवेत बॅट फिरवली आणि स्टेडियम कुरकुरलं. निवेदक ओरडला, "विल्किन तोलेन्तिनो!"

आई घरातून ताट घेऊन आली. भात, घेवडा, कडेला भांड्याच्या बुडाची खरपुडी, त्याला आवडते तशी. तिने रेडिओ ऐकला असणार, डोळे सुजले होते. टेबलापाशी पुरुषमाणसं बसली असताना, सगळ्यांच्या देखत, ती त्याच्यापुढे उभी राहिली.

"विल्किन," ती म्हणाली. "जेवून घे, विल्किन."

डोमिनो थांबला. तातिकोने रेडिओ बारीक करायला हात पुढे केला. गोमाने तो हात झटकून टाकला आणि आवाज होता त्याहून मोठा केला.

"तो तिकडे खेळतोय, आई," तो म्हणाला. "इथे त्या नावाचं कोणी नाही."