मॉरीनचे गुलाब आणि विलायती जपान

माझी लेक म्हणते, "आई, तुझं वर्कशॉपपुराण सुरू झालं की चहा गार होतो!" होऊ दे की. एका खोलीत तीन माणसांनी बारा वर्षं काम केलं तर किस्से साचणारच. मुद्दाम आठवायला बसलं तर एक येत नाही, आणि भांडी घासताना रांग लागते. त्या तिघांतले दोघे आता नाहीत, त्यामुळे हल्ली भांडी घासायला जरा वेळच लागतो.

इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनला होतो आम्ही, चौऱ्याऐंशी सालापासून. ह्यांची हॉस्पिटलात नोकरी, लेक शाळेत, आणि मी घरात भिंतींशी गप्पा मारत बसलेली. दोन गल्ल्या सोडून लेन आणि मॉरीन या साठीच्या नवराबायकोचं वर्कशॉप होतं. पत्र्याच्या ट्रेवर लेन काळंभोर, चकचकीत रोगण चढवायचा आणि त्यावर मॉरीन गुलाब रंगवायची. त्या रोगणाला तिकडे 'जपान'च म्हणतात. माझं माहेर सावंतवाडी, लाकडी खेळण्यांचं गाव, त्यामुळे ब्रश हातात बसलेला होता. गेले, चार पाकळ्या काढून दाखवल्या, लागले कामाला.

* * *

पहिल्याच दिवशी भांडण! जपानचा एकेक थर द्यायचा, भट्टीत भाजायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. शेवटचं पॉलिश मात्र उघड्या तळहाताने, तेल आणि दगडाची मऊ भुकटी घेऊन. चरा पडू नये म्हणून अंगठी, घड्याळ, सगळं बंद.

लेन माझ्या बांगड्यांकडे बघून म्हणाला, "त्या काढाव्या लागतील."

"नवरा जिवंत आहे तोवर नाही काढणार!"

लेनचा चेहरा पडला. हळूच म्हणाला, "बरा आहे ना गं तो?"

मॉरीन हसून हसून स्टुलावरून पडायची राहिली. तिने लेनचा एक जुना मोजा घेतला, पुढचा भाग कापला आणि माझ्या मनगटावर चढवला. "झालं, बॅब! नवरा पण राहिला, ट्रे पण राहिला." तिकडे सगळ्यांनाच बॅब, म्हणजे बाळ, म्हणतात, पण मला आपलं उगाच बरं वाटायचं.

* * *

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी मला गाठलं. "अगंबाई, डॉक्टरांची बायको असून पत्रे रंगवतेस? आणि जपान काय जपान! जपानला जाऊन शिकलीस की काय?"

मी जात्याच फटकळ. म्हटलं, "तुम्ही लोणचं चिनी मातीच्या बरणीत घालता, तेव्हा चीनला जाऊन आला होता का?"

त्या वर्षी मला मोदक मिळाला नाही.

* * *

सहासात वर्षांनी मॉरीनचे गुलाब बिघडायला लागले. पाकळी देठाबाहेर, पान हवेत. तिला डायबेटिस होता, नजर चालली होती. आम्हाला दिसत होतं, पण बोलायचं कोणी?

एक दिवस ती चारच्या बसने घरी गेल्यावर लेनने टर्पेंटाइनचा बोळा माझ्यापुढे ठेवला. तिचा रंग ओलाच होता. "पुसून तू काढ," म्हणाला. "तिला कळता कामा नये, सू. गुलाब गेले तर ती उठायची कशाला रोज?"

सुलभाची मी सू कधीच झाले होते. बायकोचं काम स्वतःच्या हाताने पुसायला मात्र त्याला जमेना, तोंड फिरवून भट्टीशी उभा राहिला. मी पुसलं. अगदी चोरी केल्यासारखं वाटलं मला. मग रोजचंच झालं ते. ती गेली की मी पुसायची आणि तिच्यासारखे गुलाब काढायची.

* * *

त्याच सुमारास एका शनिवारी एक जपानी गृहस्थ आले. जवळच्या मोटारींच्या नव्या कारखान्यात इंजिनियर होते, वर्कशॉपच्या पाटीवर 'जपान' वाचून थांबले. "आमचं नाव इथे कसं?"

लेनने सांगितलं, "पूर्वी तुमच्याकडची लाखेची भांडी इथे यायची, श्रीमंत लोक वेडे व्हायचे. ज्या झाडाचा चीक तुम्ही वापरता ते इथे उगवत नाही. मग आमच्या लोकांनी डांबर आणि जवसाचं तेल शिजवून नक्कल केली. नाव तुमचंच ठेवलं."

त्या गृहस्थांनी ट्रे उजेडाकडे धरून बघितला, खाली ठेवला. मग कमरेत वाकून म्हणाले, "आम्ही तुमच्या मोटारी बघून मोटारी केल्या."

लेनचा सख्खा भाऊ मोटारींच्या कारखान्यातच होता. तो कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली होती. तरी लेनने त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली. गेल्यावर म्हणाला, "माणूस चांगला होता. राग तरी कोणावर काढायचा?"

* * *

आता मॉरीनचं. एका सकाळी लेन पोस्टात गेला होता. मॉरीनने आदल्या दिवशीचा ट्रे मांडीवर घेतला आणि गुलाबावरून तळहात फिरवला. उभी हयात त्याच हाताने पॉलिश केलेली.

"माझा रंग जाड बसतो, बॅब," ती म्हणाली. "हा पातळ आहे."

मी ब्रश खाली ठेवला. "मॉरीन, माफ कर—"

"पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला. तुझा गुलाब चांगला असतो, पान जरा घाईत काढतेस." मग माझं मनगट मोज्यासकट घट्ट धरलं. "लेनला सांगू नकोस हं. मला काही कळलेलं नाही, एवढ्या समजुतीवर तो तगून आहे."

मी रडले. ती नाही रडली. दुपारी ब्रश घेऊन बसली आणि चार वाजेपर्यंत गुलाब काढले. मी संध्याकाळी ते पुसले.

आणखी तीन वर्षं आम्ही तिघं असंच करत होतो.

* * *

शहाण्णवच्या फेब्रुवारीत मॉरीन गेली. क्रियाकर्म झाल्यावर आठवड्याने लेनने वर्कशॉप उघडलं. भट्टी पेटवली नाही. तिचा शेवटचा ट्रे टेबलावर होता, ती हॉस्पिटलात गेली त्या दिवशीचा. त्या धावपळीत पुसायचा राहून गेलेला. गुलाब कसेही पडलेले, एक तर पार काठावर.

मी सवयीने बोळ्याकडे हात नेला. लेनने बोळा उचलून कचऱ्यात टाकला.

मग भुकटी आणि तेल घेतलं आणि गुलाब सोडून बाजूबाजूचं काळं जपान तळहाताने घासत बसला. किती वेळ तरी. मान वर न करता विचारलं, "सू, तिला कळलं नाही ना कधी?"

"नाही, लेन," मी म्हटलं. "कधीच नाही."

"हं," लेन म्हणाला, आणि माझा मोजा माझ्यापुढे सरकवला.