लेक नव्हे, बहीण

वहिनींचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी चहा घेत होतो. “भावजी, तुमचे अण्णा गेले,” एवढंच त्या बोलल्या. माझा थोरला भाऊ... आणि दोन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नव्हतो.

अण्णा उमरीच्या शाळेत संस्कृत शिकवायचे. निवृत्तीनंतर पुस्तकं मागवून एकट्यानंच ग्रीक शिकले. नवा शब्द सापडला की मला फोन. “अरे, आपलं सप्त, त्यांचं हेप्ता. आपला सुरुवातीचा स तिथं ह होतो बघ. दुहितृ म्हणजे लेक, तिला ते थुगातेर म्हणायचे!” मी नुसता ‘हाव, हाव’ करायचो, पण ऐकता ऐकता मलाही ते कळत, पटत गेलं होतं.

म्हणूनच लातूरच्या आमच्या संस्कृतप्रेमी मंडळात मी त्यांचं व्याख्यान ठेवलं. हॉल भरलेला. एकानं उठून विचारलं, “म्हणजे ग्रीक संस्कृतातूनच निघाली ना?” अण्णा हसले. “न्हाई. लेक न्हाई, बहीण हाय. दोघींची आई एकच, पण ती आता कुठंच बोलली जात न्हाई. ग्रीकनं फार आधी आपली वेगळी चूल मांडली.” गलका सुरू झाला. आमच्या अध्यक्षांनी माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. मी उठलो, माईक हातात घेतला आणि म्हणालो, “भावाचं वय झालंय, समजून घ्या.” लोक हसले. अण्णांनी शांतपणे कागद गोळा केले. स्टँडवर सोडतो म्हणालो, तर म्हणाले, “राहू दे.” त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. माझ्याच्यानंही करवला नाही... आधी लाजेनं, मग सवयीनं.

तेराव्यानंतर परवा पुन्हा उमरीला गेलो. वहिनी ओट्याशी स्वयंपाक करत होत्या. धीर करून विचारलं, “अण्णा माझ्याबद्दल काही बोलायचे?”

वहिनी भाजी चिरतच राहिल्या. “एकदाच बोलले. म्हणाले, लोकांना ठाऊक नव्हतं, त्यांचं काय? ह्याला तर ठाऊक होतं.”

कुकरची शिट्टी झाली. “हेन,” वहिनी पुटपुटल्या. जरा वेळानं दुसरी. “दुओ.” तिसरीला “त्रिया” म्हणत त्यांनी गॅस बंद केला. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या वहिनी शिट्ट्या ग्रीकमध्ये मोजत होत्या, आणि आपण काही वेगळं करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.