तेविसावं पान

नऊ वर्षं, दर मंगळवारी दहाच्या ठोक्याला, बार्ब्रो हेगलुंड नगरपालिकेच्या खिडकीशी उभी राहायची आणि टपालाची नोंदवही मागायची. बर्फ असो की चिखल, पायात तेच काळे रबरी बूट. आमच्याकडे सरकारी कागद कुणालाही बघायला मिळतो. नाव सांगावं लागत नाही, कशाला हवाय हेही कुणी विचारू शकत नाही. बाकीची मंडळी हा हक्क कधीतरी वापरतात, शेजाऱ्याला गॅरेजची परवानगी मिळालीच कशी ते बघायला. बार्ब्रोनं मात्र तो एकाच माणसावर लावून धरला होता. अन्न निरीक्षक होकन विकान्देर. त्याला कुणी काय लिहिलं, त्यानं काय उत्तर दिलं, किती दिवसांनी दिलं, सगळं ती वाचायची. दोनदा तिनं त्याला उत्तराला उशीर केल्याबद्दल पकडलं आणि दोन्ही वेळा त्याला वरून लेखी समज मिळाली. त्या दोन्ही दिवशी ती बेकरीत जाऊन दालचिनीचा पाव आणि कॉफी घेऊन खिडकीत तासभर बसली होती.

बाई खुनशी होती असं गावात म्हणत. होतीच. मी ते नाकारत नाही. पण खुन्नस काही आभाळातून पडत नाही.

धक्क्यावर बार्ब्रो आणि तिचा नवरा एयनार यांचं धुरीघर होतं. हेरिंग मासळीला अल्डरच्या लाकडाची धुरी द्यायची, सोनेरी झाली की कागदात गुंडाळून गरमगरम विकायची. एयनारच्या आजोबांपासूनचा धंदा. एके दिवशी विकान्देर तपासणीला आला आणि आठ दिवसांत हुकूम आला: भिंती लाकडी आहेत, धुता येत नाहीत, सबब बंद. आता धुरीघराच्या भिंती लाकडी नसतील तर कशाच्या असतील? बार्ब्रो भांडली, वर अपील केलं, हरली. एयनार भांडला नाही. तो गुडघ्यांवर बसून भिंती घासायला लागला. अख्खा शरद ऋतू तो साबण आणि ब्रश घेऊन घासत होता, लाकूड पांढरं पडेपर्यंत. बंद धुरीघरात जाऊन.

"बार्ब्रो," तो एकदा म्हणाला, "आपल्या मासळीनं कुणी आजारी तर पडलं नसेल ना गं?"

"वेडा का खुळा तू? इतक्या वर्षांत कुणाचं साधं पोट दुखलं नाही!"

"मग साहेबांनी बंद कशाला केलं असतं? काहीतरी दिसलंच असेल त्यांना."

दोन हिवाळ्यांनी तो गेला. जाईपर्यंत त्याच्या मनातून ते गेलं नाही. आपण घाणेरडे आहोत असं मानून तो मेला, आणि बार्ब्रोला हेच सहन झालं नाही. धंदा गेला, जाऊ दे. पण एयनार स्वच्छ होता हे विकान्देरच्या तोंडून वदवून घ्यायचं, तेवढ्यासाठी ती जगत होती. एयनार गेला त्या दिवसापासून तिनं विकान्देरला 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडे राजघराणं सोडलं तर सगळ्यांना अरे-तुरे. शाळेतल्या सोबत्याला 'तुम्ही' म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं.

या वर्षी सरकारनं नवं काढलं. 'सोपे नियम, उघडा कारभार' असे फलक लागले. पालिकेनं आपले नियम निम्म्यावर आणायचे, जुन्या फाइली उन्हाळ्याआधी कायमच्या दप्तरखान्यात लावायच्या, आणि ज्याची फाइल त्याची जबाबदारी: कुणी मागितली तर त्या अधिकाऱ्यानं स्वतः आणून दाखवायची. बार्ब्रोनं फलक वाचला आणि नाकातून हवा सोडली. तरी मंगळवारी तिनं सवयीनं धुरीघराची फाइल मागितली. ती तिला पाठ होती. बावीस पानं.

खिडकीवरच्या मारितनं संगणकात यादी उघडली. "धुरीघर... पानं तेवीस."

"बावीस," बार्ब्रो म्हणाली.

"तेवीस लिहिलंय. शेवटचं, 'हाताने लिहिलेलं टिपण'."

बार्ब्रोच्या हातातला हातमोजा खाली पडला. तो मारितनं उचलून दिला.

त्याचं असं होतं. अधिकाऱ्यानं स्वतःसाठी खरडलेली चिठ्ठी त्याची स्वतःची. ती कुणाला दाखवावी लागत नाही. पण फाइल दप्तरखान्यात जाताना ती काढून टाकायची असते. राहिली, की झाली जनतेची. दुसऱ्या कुणी ती कधीच फाडून फेकली असती. विकान्देर मात्र वापरलेली टाचणीसुद्धा टाकणाऱ्यातला नव्हता. त्यानं चिठ्ठी सरळ केली, कोपऱ्यात सुबक अक्षरात तेवीस आकडा घातला आणि लावून टाकली. त्याचा नीटनेटकेपणाच त्याला भोवला.

तो स्वतः फाइल घेऊन आला. मान खाली.

"बार्ब्रो, आज परत?"

"कोण बार्ब्रो? तुमच्यासमोर एक अनोळखी नागरिक उभी आहे. नाव विचारायची तुम्हाला मुभा नाही."

"अगं, चौथीपर्यंत एका बाकावर बसलोय आपण."

"तेविसावं पान काढा."

त्यानं पान उलटलं, पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले. फाइल मिटायला त्याचा हात हलला. बार्ब्रोनं बोट मध्ये घातलं. "मिटलीत तर आत्ता लोकपालाला फोन लावीन."

चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'भिंती स्वच्छ. जमीन स्वच्छ. आक्षेप घेण्यासारखं काही नाही. बाई माझ्या बुटांना हसली, धक्क्यावरचे सगळे हसले. भिंती लाकडी, धुता न येणाऱ्या. यावर बंद करता येईल.'

तिला आठवलं. धक्क्यावर पाय टाकायच्या आधी त्यानं बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या होत्या. ती म्हणाली होती, "होकन, हेरिंगला शस्त्रक्रिया करायला आलायस का?" आणि सगळा धक्का खो खो हसला होता. एयनार तेवढा हसला नव्हता. तिच्या एका टोमण्यापायी तो माणूस साबण घेऊन भिंती घासत राहिला होता. हे तिला कुणालाच माफ करता येणार नव्हतं, स्वतःलाही नाही. पण स्वतःचा हिशेब ती नंतर बघणार होती. आधी हा.

"गुरुवारी नगरसभेत नागरिकांचे प्रश्न आहेत," ती म्हणाली. "मी हे माईकवर वाचणार."

"बार्ब्रो, एकोणीस महिने राहिलेत माझ्या निवृत्तीला. चुकलंच माझं. तरुण नव्हतो, तरी चुकलं. आज संध्याकाळी घरी येतो, तुझ्या स्वयंपाकघरात बसून माफी मागतो. पाय धरतो म्हण."

"माझ्या स्वयंपाकघरात बोललेल्याला आवक क्रमांक पडत नाही. लिहून द्या. खिडकीत द्या. शिक्का मारून घ्या. मग गुरुवारी मी माईकला हात लावणार नाही."

"तुझ्या नावे?"

"माझ्या कशाला? एयनारच्या नावे."

विकान्देरनं चष्मा काढला. "मेलेल्या माणसाच्या नावे पत्र नोंदवता येत नाही."

"नियम दाखवा."

त्यानं मारितकडे पाहिलं. मारितनं नियमावली उघडली. जाडजूड होती ती, आता पातळ झाली होती. तिनं दोनदा चाळली. "असा नियम नाही," ती म्हणाली. "असलाच तर मार्चमध्ये काढलाय. सोपे नियम."

माईकवर वाचलं गेलं तर अख्ख्या गावाला कळणार. पत्र मात्र वहीत पडून राहील, त्याला कोण विचारतंय? त्यानं असाच विचार केला असणार, कारण तो टेबलाशी बसला आणि लिहायला लागला. बार्ब्रो पाठीशी उभी राहिली. 'स्वच्छ होतं' या शब्दांच्या आधी तिनं 'पूर्णपणे' घालायला लावलं. बुटांची गोष्टही लिहायला लावली, स्वतःच्या टोमण्यासकट. मारितनं शिक्का मारला, क्रमांक टाकला. बार्ब्रो गुरुवारी नगरसभेत गेली नाही. दिला शब्द तिनं पाळला.

पुढच्या मंगळवारी दहा वाजता ती खिडकीशी होती.

"काय हवंय?" मारितनं विचारलं.

बार्ब्रोनं पत्राचा क्रमांक सांगितला. "मूळ पत्र. प्रत नको."

मूळ कागद हवा असेल तर तो वाचनाच्या खोलीतच वाचायचा असतो, आणि ज्याची फाइल तो अधिकारी वाचून होईपर्यंत समोर बसलेला असावा लागतो. विकान्देर पत्र घेऊन आला आणि समोरच्या खुर्चीत बसला. बार्ब्रोनं चष्मा पुसला.

"मोठ्यानं वाचायला बंदी आहे का?" तिनं विचारलं.

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नाही."

"प्रिय एयनार," तिनं वाचायला सुरुवात केली, सावकाश, एकेका शब्दावर थांबत, "तुझं धुरीघर पूर्णपणे स्वच्छ होतं..."

शेवटी पोचल्यावर तिनं कागद त्याच्यापुढे सरकवला, हातमोजे घातले आणि दाराशी जाऊन वळली.

"पुढच्या मंगळवारी दहाला," ती म्हणाली. "एकोणीस महिने आहेत ना अजून?"