लिस्बनच्या तारलीत काय घालतात

आमच्या मोठ्या जाऊबाईंनी एकदा पदर खोचला की पुढचं जगातल्या कुठल्याही सरकारच्या हातात राहत नाही. हे मी कौतुकानं सांगतेय की वैतागानं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. काशीदला रस्त्याच्या कडेला त्यांची खानावळ आहे. मुंबई-पुण्याचे पर्यटक तिथे जेवायला बसतात ते आपल्या मर्जीनं, पण उठतात बाईंच्या मर्जीनं. एकानं सोलकढी तशीच ठेवली, तर या पेला घेऊन थेट त्याच्या गाडीपाशी गेल्या आणि काचेवर टकटक करून म्हणाल्या, "एवढी पिऊन जा. म्होरं वळणं हायत, पोट ढवळंल." त्यानं मुकाट्यानं पेला रिकामा केला. दुसऱ्या एकानं सुरमई ताजी आहे ना, असं विचारलं. जाऊबाईंनी त्याला मागच्या दारी नेलं, माशाचा कल्ला उघडून लालभडक आतला भाग दाखवला आणि म्हणाल्या, "आता तुमचा दाखवा." तो माणूस दर वर्षी न चुकता येतो, आणि येताना चार जणांना घेऊन येतो.

या बाईंच्या चाळीस वर्षांच्या संसारात एकच सल होता, तो म्हणजे लिस्बनची तारली. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते बोटीवर होते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांची बोट लिस्बनला लागली, आणि तिथल्या कुठल्याशा गल्लीत एका बाईनं दारात भाजलेला तारली मासा दादांनी खाल्ला. बस्स! तेव्हापासून जाऊबाईंनी काहीही रांधावं, दादांनी बोटं चाटून संपवावं आणि मग ढेकर देऊन म्हणावं, "झ्याक. पन लिस्बनची तारली ती तारली." त्यावर आतून डाव आपटल्याचा आवाज यायचा. हे इतकी वर्षं इतक्या नेमानं चालू होतं की आम्ही जेवायला बसलो असलो तर डाव वाजल्याशिवाय उठायचो नाही.

दीड वर्षापूर्वी दादांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून वाचले, पण उजवा हात गेल्यासारखाच झाला, आणि अलिबागच्या डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलं. आता कोकणातल्या माणसाचं मीठ तोडायचं म्हणजे काय उरलं हो? जाऊबाईंनी पथ्य असं पाळलं की डॉक्टरांनाच घाम फुटावा. दादांसाठी वेगळं पातेलं, वेगळी कढई, वेगळा चमचा. दादा मात्र दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. तक्रार नाही, चिडणं नाही, नुसतं "बरं हाय." अंगातला सदरा हँगरवर टांगल्यासारखा दिसायला लागला. जाऊबाईंनी नाना प्रकार करून पाहिले. एक दिवस दादा भिंतीकडे बघत आपणहून म्हणाले, "लिस्बनची तारली असती तर खाल्ली असती." त्या दिवशी डाव वाजला नाही. जाऊबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुमी दोघं युरोपात जानार हाय न्हवं? मी पन येते. त्या तारलीत काय घालतात ते बघून येते. ह्यांना खायला घालते."

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही नवराबायको पहिल्यांदाच कुठेतरी निघालो होतो, हे मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे खानावळ बंद ठेवायची सोय होती. माणगावला दिलेली लेक आठ दिवस बापाजवळ येऊन राहायला तयार झाली. व्हिसाच्या खिडकीवर काय सांगायचं ते माझ्या नवऱ्यानं जाऊबाईंकडून तीनदा घोकून घेतलं होतं. खिडकीपलीकडच्या मुलीनं विचारलं, "कशासाठी जाताय?" जाऊबाई म्हणाल्या, "मासा बघायला." व्हिसा सगळ्यात आधी त्यांचाच आला.

लिस्बनमध्ये उतरल्यावर नऊवारी, पायात लेकीचे पांढरे बूट आणि खांद्याला कापडी पिशवी अशा थाटात त्या हॉटेलात शिरल्या आणि काउंटरवरच्या पोरीला ठणकावून म्हणाल्या, "चावी!" तिनं चावी दिली. मग "साबन!" साबण आला. मग "बालदी!" आता हॉटेलात बालदी कोण मागतं, पण तीही आली. सकाळी नाश्त्याला पाव मागितला, पाव मिळाला. बटाटा म्हटलं, बटाटा आला. चा म्हटलं, तर वेटर "शा, शा" करत किटली घेऊन आला. जाऊबाई खूश! "ही आपलीच मानसं हायत गो. कवातरी रेवदंड्याला ऱ्हाऊन गेल्यात आनि शिकून आल्यात. जरा बोबडं बोलतात येवढंच." मी त्यांना समजवायला गेले की वैनी, हे शब्द आपल्याकडून इकडे नाही, इकडून आपल्याकडे आले. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "चावी त्यांनी दिली म्हनं! मग आपल्याकडं काय कुलपं नुसती लोंबत व्हती?" कपाळ माझं!

प्रेक्षणीय स्थळांचं म्हणाल तर जाऊबाईंनी सगळी पाहिली आणि एकाचीही गय केली नाही. टेकडीवरच्या किल्ल्यावर आम्ही धापा टाकत पोचलो, तर म्हणाल्या, "ह्याच्या भोवती पानी कुठं हाय? जंजिरा बघितलेल्या मानसाला हितं आनत्यात व्हय?" चर्चमध्ये मात्र हात जोडले, डोळे मिटून पुटपुटल्या, आणि बाहेर आल्यावर तिथे किती दिवसांनी झाडतात याची चौकशी केली. पिवळ्या ट्रामला त्यांनी पसंती दिली, कारण ती घाटात न थांबता चढली. तिथला तो प्रसिद्ध कस्टर्डचा पेढ्याएवढा गोड पदार्थ खायला लोक रांगा लावतात, जाऊबाईंनी वरचा काळा डाग बघून तो परत पाठवला, "खरवस बरा हाय, पन करपलाय. दुसरा दे." दुसराही तसाच आला. चार बश्या परत गेल्यावर माझा नवरा बाहेर जाऊन उभा राहिला. सुक्या माशांच्या दुकानात मात्र त्या देवळात शिरल्यासारख्या शिरल्या. फळीएवढा खारवलेला मासा उचलून त्यावर दोन थापा मारल्या, वास घेतला आणि दुकानदाराला मान हलवून शाबासकी दिली. तो बिचारा छाती फुगवून उभा राहिला.

पण हे सगळं वाटेतलं. दुपार झाली की जाऊबाई तारलीवर यायच्या. तीन दिवसांत आम्ही सहा ठिकाणी तारली खाल्ली. पांढऱ्या टेबलक्लॉथवर खाल्ली, नदीकाठी खाल्ली, भाजलेली, तळलेली, टोमॅटोत बुडवलेली खाल्ली. दर वेळी बाई एक घास घ्यायच्या, थांबायच्या आणि म्हणायच्या, "न्हाय. ही ती न्हाय." मी वैतागून विचारलं, "अहो, पण तुम्हाला कळणार कसं? तुम्ही कुठे खाल्लीय ती?" त्या म्हणाल्या, "तुझं दादा ते सांगताना डोळं मिटतात. माझं मिटलं की कळंल." दीड वर्षात मी पहिल्यांदा त्यांचा आवाज कापताना ऐकला. मग मी सातवी तारली मागवली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी उजेड असतानाच जुन्या वस्तीतल्या एका गल्लीच्या पायऱ्या उतरत होतो. दोरीवर कपडे वाळत होते, आणि एका दारात जाऊबाईंच्याच वयाची, तशीच पदर खोचल्यासारखी उभी असलेली एक बाई जाळीवर तारल्या भाजत होती. समोर लांबलचक बाकडं, त्यावर म्हातारेकोतारे, पोरंबाळं, सुना-जावई खांद्याला खांदा लावून बसलेले. ताटं नाहीत. पावाच्या जाड तुकड्यावर मासा ठेवायचा आणि हातानं खायचा. दोघी बायकांनी एकमेकींना नखशिखान्त न्याहाळलं. एका सुगरणीनं दुसरीला बघितलं की जे होतं ते झालं. जाऊबाई पुढे झाल्या, जाळीत डोकावल्या आणि चमकल्या. तारल्या खवल्यांसकट, सालीसकट तशाच टाकलेल्या होत्या. त्यांनी बोट दाखवून विचारलं, "साल? साल न्हाय काढत?"

त्या बाईचा चेहरा खुलला. "साल!" म्हणत तिनं शेजारच्या वाडग्यातून मूठ भरली आणि माशांवर भुरभुरली. "न्हाय गो बाय, साल! साल!" जाऊबाई ओरडल्या. तिनं दुसरी मूठ टाकली. बाकड्यावरची माणसं खदखदा हसायला लागली. चार दिवस जाऊबाईंचा प्रत्येक शब्द चालला होता, मग हा का चालू नये? त्यांनी तिसऱ्यांदा "साल" म्हटलं, तेव्हा त्या बाईनं त्यांचा हात धरला, तळवा उघडला आणि त्यावर जाडं, करडं खडेमीठ ठेवलं. पेणच्या मिठागरावरचं असावं अगदी तसं. "साल," ती सावकाश म्हणाली. जाऊबाईंनी जिभेला लावून पाहिलं. मग हळद, तिखट, चिंच, कोकमाचं आगळ, सगळं खुणांनी विचारून झालं. ती बाई मान हलवत राहिली. माझ्या नवऱ्यानं फोनवरच्या भाषांतरातून पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. मासा, विस्तव आणि मीठ. दुसरं काही नाही.

जाऊबाईंना बाकड्यावर जागा करून दिली गेली. त्यांनी पावावरची तारली घेतली, घास घातला, आणि त्यांचे डोळे मिटले. उघडले तेव्हा भरलेले होते. "तीच हाय गो," त्या म्हणाल्या, "येवढी आले, आनि निघालं काय तर मीठ. जे देता येत न्हाय तेवढंच." मला रडूच कोसळलं. देवा, दुसरं काहीही चाललं असतं! केशर म्हणाली असती ती बाई, कस्तुरी म्हणाली असती, आमच्या जाऊबाईंनी पैदा करून आणली असती.

मला वाटलं, आता या खचतील. पण त्या तिथेच बसून राहिल्या आणि बाकड्याकडे बघत राहिल्या. शेजारचा म्हातारा आपल्या म्हातारीच्या तुकड्यातला काटा काढून देत होता, ती त्याला कशावरून तरी झापत होती. मग जाऊबाईंनी मला विचारलं, "मी ह्यांना जेवायला कवा देते गो?"

"साडेसहाला. गिऱ्हाइकं यायच्या आधी."

"कुठं?"

"पडवीत. स्टुलावर."

"आनि मी कवा जेवते?"

खानावळ आवरल्यावर, भांडी झाल्यावर, उभ्या उभ्या. लग्न झाल्यापासून तसंच. जाऊबाईंनी पदर पुन्हा खोचला. "चल. बघते मी."

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी अंगणात करवंट्यांचे निखारे केले आणि सालीसकट तारल्या भाजल्या. मिठाचा कण नाही. पडवीत पाट मांडले, स्टूल बाहेर गेलं. दादांच्या पुढ्यात पावावर तारली ठेवली आणि स्वतः शेजारी बसून तसलीच दुसरी घेतली. मीही एक तोंडात टाकली. अगंबाई! कागद खाल्ल्यासारखी अळणी. जाऊबाई मात्र चेहऱ्यावरची रेघ न हलवता चावत होत्या. दादा बघत राहिले. "तुला कुनी सांगितलंय अळनी खायाला?"

"जीभ माझी हाय. मी बघंन."

"लिस्बनला बरी व्हती."

"व्हय," जाऊबाई म्हणाल्या. "मी खाल्ली. लई बरी व्हती."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं हो बाईनं! दादांनी पहिली तारली संपवली. मग दुसरी घेतली, डाव्या हातानं, लडबडत, कसाबसा काटा काढला आणि तो तुकडा स्वतः न खाता जाऊबाईंच्या पुढे ठेवला. "मी काय ल्हान हाय व्हय?" असं ओरडून त्यांनी तो खाल्ला.

दादांचं वजन काही फार वाढलेलं नाही. डॉक्टरही हल्ली मोजकंच बोलतात, आणि आम्हीही त्यांना फार विचारत नाही. पण ताट सरकवत नाहीत ते. खानावळीचं दार आता संध्याकाळी साडेसहाला बंद होतं आणि कितीही गर्दी असली तरी दोघांचं जेवण होईपर्यंत उघडत नाही. मागच्या रविवारी मी तिथेच होते. पुण्याचं एक कुटुंब बाहेर ताटकळत होतं, आतून दोघांच्या भांडणाचा आवाज येत होता. त्यातला गृहस्थ घड्याळ बघत मला म्हणाला, "मालकीणबाई जेवतायत म्हणता, पण जेवायला एवढा वेळ?" मी म्हटलं, "बसा हो जरा. चाळीस वर्षांची जेवणं राहिलीत त्यांची."