औषध कालवणारे हात

"घरातल्या संडासात नाही जायचं. गोठ्यामागं जाय."

एवढं बोलून मालकिणीनं आतून कडी लावली. माझ्या हातात लघवीची रिकामी बाटली. अंगणात गावची माणसं, सरकारी पथकाची गाडी, खुर्चीवर चहा पीत बसलेला मालक. सगळ्यांच्या देखत मी गोठ्यामागं गेले. लाजेनं मेले, पण गेले. माझी माय दवाखान्यात पडली होती.

आमच्याकडे पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी गडी करतात, पण औषध बाया कालवतात. डोक्यावरून पाणी आणायचं, ड्रममध्ये औषध ओतायचं, काडी सापडली तर काडीनं, नाहीतर कोपरापर्यंत हात घालून ढवळायचं. मग पंप भरून गड्याच्या पाठीवर चढवायचा. याला कोणी फवारणी म्हणत नाही. पाणी भरणं म्हणतात. मालकाच्या वावरात मी आणि माय हेच करत होतो. त्या दिवशी औषध नवं होतं. फवारणारे गडी पडले, तशी मायही बांधावर पडली. गड्यांना विषबाधेच्या वार्डात नेलं. मायबद्दल डॉक्टरनं विचारलं, ही फवारते का? मालकाचा माणूस म्हणाला, नाही, पाणी भरते. झालं. माय तापाच्या वार्डात.

म्हणून विषबाधा तपासायला पथक रक्त-लघवीचे नमुने घ्यायला आलं तेव्हा मी रांगेत उभी राहिले. माझ्या अंगात विष निघालं तर मायच्या अंगातलंही मानावं लागेल, एवढंच मला कळत होतं. पथकातल्या मॅडम म्हणाल्या, फक्त फवारणारे. मी हटले नाही. वैतागून त्यांनी बाटली दिली, रक्ताचं नंतर बघू म्हणाल्या.

बाटली भरून आणली. ओट्यावर ठेवायला गेले तर मालकीण खिडकीतून म्हणाली, खाली ठेव, ओटा बाटवशील. याच ओट्यावर औषधाचे डबे असत, ते चालत. मालक हसला. "हिच्यातून काय निघन? दिसभर चहा पेते, चहाच निघन." सारं अंगण हसलं. आमची माणसंही हसली. ते जास्त लागलं.

मग मालकानं मॅडमना सांगितलं, या मायलेकी निव्वळ पाणी भरायला येतात. माझ्याकडे वळून म्हणाला, "सांग ना वं." उद्याचं काम त्याच्याच वावरात होतं. आजवर अशा वेळी मी मान डोलावत आले.

मी खाली ठेवलेली बाटली उचलली आणि ओट्यावर ठेवली.

"औषध मीच कालवतो. ह्या हातानं. माह्या मायनंबी कालवलं. माहं रक्त घ्या."

मॅडमनी आधी मालकाकडे पाहिलं. मग सुई काढली. कामावर यायचं नाही, हा निरोप संध्याकाळीच आला.

माझ्या रक्तात काय निघालं, कोणी सांगितलं नाही. विचारायला गेलं की म्हणतात, येईल. माय तापाची रोगी म्हणूनच घरी आली. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही. पेला धरला तर पाणी सांडतं. मी तिच्यासाठी काही करू शकले नाही. हे गोड करून सांगायची माझी इच्छा नाही.

यंदा फवारणी लागली तसा मालकानं माणूस पाठवला. झालं गेलं विसर, पाणी भरायले ये. मी म्हटलं, "पाणी नव्हतो भरत, जहर कालवत होतो. त्याले म्हणा, सोता कालव."

आता ज्या बाईचा हात ड्रममध्ये दिसतो, तिला मी घरी आणून मायची बोटं दाखवते. कोणी विचारलं तर पाणी भरतो म्हणू नको, एवढंच सांगते. काहीजणी ऐकतात, काहीजणी वाट बदलतात. पथक पुन्हा येईल तेव्हा मी रांगेत पहिली असेन. रक्त देईन, लघवी देईन. गोठ्यामागं जाणार नाही.