प्रार्थनेचा विषय

दीड वर्षं मी समोरच्या काकूंची चादर रोज सकाळी धूत होते. काकू ब्याऐंशीच्या, महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. झोपेत त्यांना कळायचं नाही आणि अंथरूण ओलं व्हायचं. त्यांच्याकडे वॉशिंग मशीन होतं, पण त्यात देवघरातली वस्त्रं धुतली जायची, म्हणून ही चादर त्यात घालायची नाही. म्हणजे हातानं धुवायची आणि हातानंच पिळायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "हे कुणाकडे बोलायचं नाही हां. माझ्या भाचीला कळलं ना, तर ती मला उद्याच्या उद्या आश्रमात नेऊन टाकेल." मी हो म्हटलं होतं.

मी ख्रिस्ती आहे हे आमच्या सगळ्या कॉलनीला माहीत आहे. त्यामुळे कुणाचा पाय मुरगळला, कुणाच्या सासूला दवाखान्यात न्यायचं असलं, की बेल माझ्याच घरची वाजते. "तुमच्यात सेवा असते ना," म्हणतात. असते की. पण सेवा करणाऱ्या बाईला गुडघे असतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. साठी उलटल्यापासून मला दया यायच्या आधी थकवा यायला लागलाय. सकाळी सातला काकूंची बेल दाबण्याआधी मी दोन मिनिटं त्यांच्या दाराशी नुसती उभी राहायची.

दर गुरुवारी दुपारी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतात. गीत होतं, वचन वाचलं जातं आणि मग प्रत्येकीनं प्रार्थनेचे विषय सांगायचे असतात. कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाच्या मुलीचं जमत नाही, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागलाय. एक बाई सगळं वहीत लिहून घेते आणि संध्याकाळी ते आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते, म्हणजे आठवडाभर सगळ्यांनी प्रार्थना करावी. याला आमच्यात कुणी चुगली म्हणत नाही. मलाही ती कधी वाटली नव्हती.

त्या गुरुवारी मला खरं तर एवढंच म्हणायचं होतं की मी दमलेय. पण तसं आमच्यात कुणी म्हणत नाही. मागायचं ते दुसऱ्यासाठी, ही लहानपणापासूनची सवय. म्हणून मी म्हटलं, माझ्या शेजारच्या काकूंसाठी प्रार्थना करा. आणि चादरीसकट सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, मला काकूंची दया आली. मला माझीच आली होती.

शनिवारी मंडळीतल्या दोघीजणी कांजूरमार्ग स्टेशनपासून उन्हात चालत आल्या. मनानं फार चांगल्या बायका. मोठ्या माणसांच्या डायपरची दोन पाकिटं त्यांनी पारदर्शक पिशवीत आणली होती. गेटवर वॉचमनला त्यांनी काकूंचं घर विचारलं, लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या बाईंना पुन्हा विचारलं. बोलण्याचा आवाज ऐकून मी माझं दार उघडलं, तेव्हा काकूंनीही त्यांचं उघडलं होतं. त्यांनी पिशवीकडे पाहिलं. मग त्या दोघींच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच दार लावून घेतलं.

नऊ दिवस ते दार माझ्यासाठी उघडलं नाही. सातला मी बेल दाबायची, "काकू, मी आहे," म्हणायची आणि आतून आवाज यायचा, "गरज नाही." माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची कपड्यांची दोरी दिसते. तिच्यावर न पिळलेली चादर ठिबकत असायची. पिळायची ताकद त्यांच्या मनगटात नव्हती. ती संध्याकाळपर्यंत वाळायची नाही, आणि संध्याकाळी वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास येतो, तो तिच्यात मुरायचा. बघून माझा जीव तुटायचा. आणि तरी, "गरज नाही" ऐकून घरी परत येताना मला सुटल्यासारखं वाटायचं. त्याची लाज जास्त वाटायची.

दहाव्या दिवशी दार उघडलं. काकूंचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि गाऊनही भिजला होता.

"ये. बस," त्या म्हणाल्या. फळ्याजवळ उभं करतात त्या आवाजात. "माझं तू गावभर केलंस. आता तुझं एक सांग. तिथे न सांगितलेलं."

मी खोटं बोलू शकले असते. पण तेवढंही त्राण नव्हतं.

"रोज बेल दाबायच्या आधी मी देवाला म्हणते, आज काकूंनी दार उघडलं नाही तर बरं."

"का? मेले असेन म्हणून?"

"कधी कधी तेही."

मला वाटलं, संपलं आता, वाट लागली.

"मग बेल का दाबतेस गं?"

"माहीत नाही. दाबते."

त्या उठल्या, भिंत धरत मोरीपर्यंत गेल्या आणि बादलीतल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "हे मी कुणाला सांगणार नाही," म्हणाल्या. "धर. आणि नीट पीळ." दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी वहीवाल्या बाईंनी मला विचारलं, "शेजारच्या काकूंचा विषय पुढे चालू ठेवू ना?"

"नको. तो खोडा," मी म्हटलं. "माझं नाव लिहा."

"अगंबाई, तुम्हाला काय झालं?"

"दमलेय."

त्यांनी पेन वहीवर टेकवलं आणि पुढचं ऐकायला थांबल्या.

"बस, एवढंच लिहा," मी म्हटलं.